नवीन हात, मोठी गाडी: वाचकांचे प्रश्न, ड्रायव्हरकाकांची उत्तरं

या वेळी पत्रं भरपूर आली आणि त्यातली बरीचशी नव्यानेच ट्रकवर बसलेल्या पोरांची आहेत, एक-दोन घरच्यांचीही आहेत. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय म्हणून कुणाचंच नाव देत नाही. काही प्रश्नांना लांबलचक उत्तर दिलंय, काहींना दोन ओळीत उरकलंय, ज्याला त्याला जेवढं लागतं तेवढं. रागावू नका.

काका, लायसन्स मिळालं, उस्तादाच्या शेजारी बसून शिकलो तेव्हा सगळं जमत होतं. आता गाडी एकट्याच्या ताब्यात दिलीये तर सकाळी चावी हातात घेतली की पोटात गोळा येतो. सगळे म्हणतात पॉझिटिव्ह राहा. पण राहायचं कसं ते कोणी सांगत नाही.

पोटात गोळा येतो हे वाचून मला बरंच वाटलं, खरं सांगतो. लोड भरलेली गाडी घेऊन निघताना ज्याला काहीच वाटत नाही त्याच्या मागे मी माझी गाडी चालवणार नाही. भीती राहू दे थोडी, ती आपलं काम करते. फक्त ती हातापायात उतरली नाही पाहिजे.

आता पॉझिटिव्हचं म्हणशील तर आरशात बघून हसल्याने ते येतं असं मला तरी कधी दिसलं नाही. मी इतकी वर्षं जे बघतोय त्यात ड्रायव्हरचं डोकं बहुतेक वेळा झोप कमी पडल्याने किंवा घाईने फिरतं, आणि ह्या दोन्हीचा बंदोबस्त गाडी सुरू व्हायच्या आधीच करता येतो. झोपेबद्दल खाली एकाने विचारलंय तिथे लिहितो, इथे घाईचं बघू.

साधा हिशोब कर. 300 किलोमीटर जायचंय. 60 च्या सरासरीने गेलास तर 5 तास. 65 च्या सरासरीने गेलास तर 4 तास 37 मिनिटं. म्हणजे वाचले किती, 23 मिनिटं. आणि सरासरी 5 ने वाढवायला तुला सगळ्या रस्त्याभर ओव्हरटेक, ब्रेक, परत ॲक्सिलरेटर, परत ब्रेक असं करत जावं लागतं, डिझेल जास्त जातं, टायर झिजतात, आणि पोचल्यावर तिथला माणूस म्हणतो आधीच्या दोन गाड्या खाली व्हायच्यात, थांबा. गेली की ती 23 मिनिटं! त्यापेक्षा अर्धा तास लवकर निघ. निघायची वेळ बऱ्याचदा तुझ्या हातात असते, समोरचा रस्ता कधीच नसतो.

दुसरं म्हणजे कट मारणाऱ्या छोट्या गाड्या. नवीन ड्रायव्हरचा निम्मा राग ह्यांच्यावर निघतो. तू समोर नीट अंतर ठेवतोस आणि कोणीतरी बरोब्बर त्याच जागेत घुसतो. मग पोरगं चिडतं, डिपर मारतं, हॉर्न दाबून धरतं, आणि पुढच्या वेळी अंतरच ठेवत नाही. अरे, एक गाडी आत आली आणि तू पाय उचलून परत अंतर केलंस तर तुझे गेले 2-3 सेकंद. दिवसभरात अशा 40 गाड्या घुसल्या तरी 2 मिनिटं. दोन मिनिटांसाठी दिवसभर रक्त आटवायचं का? मी तर घुसणाऱ्याला जागा देतो आणि विसरतो, तो पुढे जाऊन काय करतो ते त्याचं तो बघेल.

अंतर किती ठेवायचं ते पण सांगतो, कारण अंदाजाने ठेवलं की ते कमीच पडतं. गाडीच्या दर 3 मीटर लांबीला 1 सेकंद, आणि वेग 65 च्या वर असेल तर आणखी 1. म्हणजे 12 मीटरची गाडी असेल तर हायवेवर 5 सेकंद. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की मोजायला लाग, तुझी गाडी तिथे 5 च्या आत पोचली तर तू जवळ आहेस. ताशी 80 ला गाडी दर सेकंदाला 22 मीटर जाते. समोर काही दिसल्यावर पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धर, तिथेच 33 मीटर गेले, आणि हवेचा ब्रेक असल्यामुळे पाइपातून हवा चाकापर्यंत पोचायला अजून अर्धा सेकंद, आणखी 11. हे सगळं ब्रेक लागायच्या आधीचं बरं का, खरं थांबणं त्याच्यानंतर सुरू होतं. आणि वेग दुप्पट केलास की ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारं अंतर चौपट होतं, 40 ला जी गाडी थांबवली तीच 80 ला थांबवताना ब्रेकला चौपट काम असतं.

आणि निघायच्या आदल्या रात्री रस्ता बघून ठेव. नुसता मॅपवर नाही, मॅप कारवाल्यासाठी असतो, त्याला तुझी उंची-वजन माहीत नसतं. कुठला पूल कमी उंचीचा, कुठे वजनाची मर्यादा, शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये गाडी वळवायला जागा आहे का, हे फोन करून विचार. गाडीची उंची कागदावर लिहून डॅशबोर्डवर चिकटव. एक गोष्ट नवीन माणसाला कोणी सांगत नाही, रिकामी गाडी भरलेल्या गाडीपेक्षा थोडी वर उचललेली असते. जाताना लोड घेऊन जो पूल पार केलास त्याच्याखालून रिकामी येताना वर घासू शकते. एवढं सगळं माहीत असलेला माणूस सकाळी घाबरेल, पण कशाला घाबरायचं ते त्याला माहीत असेल.

रिव्हर्स घेताना माझे हात थरथरतात. बाजूला चार लोक उभे राहून बघत असतात, कोणी आवाज देतं इकडे काप, कोणी म्हणतं तिकडे काप. एकदा तर मला गाडी सोडून खाली उतरून निघून जावंसं वाटलं.

निघून जाऊ नकोस, पण उतर नक्की. हेच तर करायचं असतं! रिव्हर्सच्या आधी गाडी थांबव, हॅण्डब्रेक मार, खाली उतर आणि पूर्ण मागे चालत जाऊन बघ. खांब, खड्डा, वर लोंबकळणारी वायर, शेड किती खाली आलंय, मागे पोर-बाळ नाही ना. मग चढून थोडी घे, शंका आली परत उतर. मी एका जुन्या उस्तादाला बघितलंय, केस पांढरे झालेले, तो एका अरुंद गेटमध्ये गाडी लावताना चार वेळा उतरला. पोरं हसत होती. तो खिशातून रुमाल काढून क्लीनर साइडचा आरसा पुसून परत चढला, अजून हातभर मागे घेतली आणि परत उतरला. घाई त्याला कुणी लावूच शकत नव्हतं.

आता हाताचं तंत्र. सरळ एका चासीची गाडी असेल तर कारसारखीच आहे, ज्या बाजूला स्टेअरिंग त्या बाजूला मागचा भाग. पण ट्रेलर असेल तर उलटं होतं आणि तिथेच सगळे गोंधळतात. त्याला सोपी सवय अशी की हात स्टेअरिंगच्या खालच्या टोकाला धर. ट्रेलरचा मागचा भाग डावीकडे न्यायचाय तर खालचा हात डावीकडे सरकव, उजवीकडे न्यायचाय तर उजवीकडे. डोक्यात उलट-सुलट करायची गरजच पडत नाही. हलकं हलकं फिरव, कारण ट्रेलर सुरुवातीला ऐकत नाही असं वाटतं आणि एकदा ऐकायला लागला की मग फार ऐकतो, कोन वाढत जातो आणि कॅब, म्हणजे तू बसतोस तो पुढचा भाग, ट्रेलरला टेकायला येते. तसं व्हायच्या आधीच पुढे घेऊन सरळ कर. पुढे घेणं म्हणजे हरणं नाही, जेवढ्या वेळा लागेल तेवढ्या वेळा घे. आणि जमेल तेव्हा अशा बाजूने वळव की मागचं कोपरं तुला तुझ्याच खिडकीतून दिसेल, दुसऱ्या बाजूने वळवलंस तर अर्धा वेळ आंधळा असतोस.

आवाज देणाऱ्यांचं काय करायचं? एकच माणूस ठरव. त्याला सांग, मला तुझा हात आरशात दिसला पाहिजे, दिसला नाही की मी थांबणार. बाकीच्यांना हसून नमस्कार कर आणि ऐकू नकोस. तो ठरवलेला माणूस आरशातून गायब झाला तर ब्रेक, तो कुठे गेला ते कळल्याशिवाय एक इंच पण मागे नाही. गाडीच्या मागे साधारण 9 मीटर आणि कॅबच्या अगदी पुढे साधारण 6 मीटर तुला काहीच दिसत नाही हे धरून चाल.

रिकाम्या मैदानात सुट्टीच्या दिवशी दोन डबे ठेवून अर्धा तास सराव कर. बघायला कोणी नसलं की हात आपोआप थरथरायचे थांबतात.

आमच्या यार्डात जुने ड्रायव्हर दिवसभर एकच सांगतात, या लाइनमध्ये काही राहिलं नाही, तू कशाला आलास, लवकर दुसरं बघ. ऐकून ऐकून माझं पण मन उडायला लागलंय.

त्यांचं सगळंच खोटं आहे असं मी म्हणणार नाही. लोडिंगला तासन् तास थांबायचं आणि त्या थांबण्याचे पैसे कोणी देत नाही, हे आहे. घरापासून लांब राहायचं, हे आहे. पाठ आणि कंबर बसून बसून जाते, हे पण आहे. तुला कोणी सांगितलं असेल की मजाच मजा आहे तर तो खोटं बोलला.

पण त्याच माणसांकडे जे ज्ञान आहे ते तुला पुस्तकात मिळणार नाही, म्हणून त्यांच्यापासून पळू नकोस, फक्त विषय बदल. लाइनमध्ये काय राहिलंय असं विचारलंस तर तो रडगाणं गाणारच. त्याला विचार, उस्ताद, पावसात ह्या चढावर रिकामी गाडी चाकं फिरवते, तुम्ही कसं नेता? किंवा, ताडपत्रीची ही गाठ सुटते, दाखवा ना जरा. बघ चेहरा कसा बदलतो. जो माणूस दहा मिनिटांपूर्वी धंदा सोड म्हणत होता तो उठून दोर हातात घेऊन तुला गाठ मारून दाखवेल, आणि दोनदा दाखवेल.

आणि दिवस खराब गेला असेल त्या दिवशी त्या कट्ट्यावर बसायचंच नाही. गाडी लाव, हातपाय धू, झोप. खराब दिवशी रडगाणं दुप्पट खरं वाटतं.

काका, घाट उतरताना फार टेन्शन येतं. मागे लोड ढकलतोय असं वाटतं आणि ब्रेकवरून पाय उचलायची हिंमत होत नाही.

तेच तर चुकतंय भाऊ, पाय उचलायची हिंमत होत नाही म्हणूनच टेन्शन वाढतंय. सतत ब्रेक दाबून उतरलास की चाकातला ड्रम तापतो, तापला की फुगतो आणि त्याला आतून घासणाऱ्या शूपासून लांब जातो, शूवरच्या लायनिंगची पकड पण जाते. मग आधी जेवढ्या पायात गाडी धरत होती तेवढ्यात धरत नाही, तू आणखी दाबतोस, आणखी तापतो. जळका वास आला की समज उशीर झालाय.

घाट वरच जिंकायचा असतो. उतार सुरू व्हायच्या आधी वेग कमी कर आणि खालच्या गिअरला घे. उतारावर अध्येमध्ये गिअर खाली टाकायला गेलास तर जाईलच असं नाही, आणि न्यूट्रलला अडकलास तर इंजिनचा धाक संपला, मग सगळी गाडी एकट्या ब्रेकवर. एक्झॉस्ट ब्रेक किंवा रिटार्डर, म्हणजे चाकाचे ब्रेक न वापरता वेग धरून ठेवणारी सोय, असेल तर सुरुवातीपासून लावून ठेव, फक्त रस्ता ओला आणि गाडी रिकामी असेल तेव्हा जपून, कारण मागची चाकं सटकू शकतात.

मग ब्रेक कसा वापरायचा? समज तू ठरवलंस की ह्या उतारावर 40 च्या वर जायचं नाही. गाडी 40 ला पोचली की चांगला दाबून ब्रेक लाव, 3 सेकंदात ती 32 पर्यंत येईल, मग पाय पूर्ण उचल. परत 40 झाली की परत तसंच. मधल्या वेळात ड्रमला वारा लागतो. अगदी हलका पाय ठेवून उतरण्यापेक्षा हे बरं, कारण हलक्या पायात काही चाकं जास्त काम करतात, काही कमी, आणि जास्त करणारी जळतात. पटापट पंप मारायची जुनी सवय कोणी शिकवली असेल तर सोड, हवेच्या ब्रेकला प्रत्येक दाबात हवा खर्च होते. हवेच्या दाबाच्या काट्यावर नजर ठेव. साधारण 4 बारच्या आसपास आला की बझर वाजतो, आणि बझर वाजला की सुरक्षित जागा बघून थांबायचंच, पुढच्या वळणापर्यंत जाऊ असं नाही. त्याच्याही खाली हवा गेली तर स्प्रिंग ब्रेक, म्हणजे हवेच्या दाबानेच मोकळे राहणारे ब्रेक, आपोआप आवळतात, आणि ते कुठे आवळतील हे तू ठरवत नाहीस.

डिझेल वाचवायला न्यूट्रल मारून उतरणारे तुला भेटतील. खुशाल पुढे जाऊ दे त्यांना. आताच्या इंजिनात गिअरमध्ये उतरताना पाय उचलला की डिझेलचा पुरवठा तसाही बंद होतो, न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतच असतं. म्हणजे जीव पण धोक्यात आणि वाचलं पण काही नाही.

आणि शेवटी एक सांगतो, वर चढलास त्याच गिअरला उतर हा जुना नियम ऐकला असशील. जुन्या गाड्यांना ठीक होता. आताची ताकदवान इंजिनं वरच्या गिअरला पण चढतात, म्हणून उतरताना त्याच्यापेक्षा एक खालचाच बरा.

रात्रीची गाडी असते. पहाटे डोळे जड होतात. काच खाली करतो, मोठ्याने गाणी लावतो. मित्राने एक गोळी सांगितलीये, घेऊ का?

गोळी नको. नको म्हणजे नको. ती झोप घालवत नाही, झोप आलीये हे तुला कळू देत नाही, आणि उतरली की एकदम आडवा पाडते. मित्र चांगला असेल, सल्ला वाईट आहे.

काच आणि गाणी पण सोड, दोन-चार मिनिटं बरं वाटतं बस्. शरीराचं घड्याळच असं आहे की पहाटे 2 ते 6 आणि थोडंसं दुपारी जेवणानंतर ते खाली जातं, त्यात तुझा दोष नाही. 1997 साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी तपासून दाखवलं की सलग 17 तास जागा असलेल्या माणसाचं काम रक्तात 0.05 टक्के दारू असलेल्या माणसाइतकं घसरतं, आणि 24 तास जागा असेल तर साधारण 0.1 टक्क्याइतकं. एक थेंब न पिता. तू सकाळी 7 ला उठलास, दिवसभर इकडे-तिकडे केलंस आणि रात्री 10 ला गाडी काढलीस तर रात्री 12 लाच तुझे 17 तास भरले. म्हणून रात्रीची गाडी असेल तर दुपारी अंधाऱ्या खोलीत फोन बंद करून झोपणं हे कामच आहे, आळस नाही. घरच्यांना पण हे नीट सांग.

जांभया, मान हलकीच खाली जाणं, मागचे दोन किलोमीटर कसे गेले ते न आठवणं, पांढऱ्या पट्टीवर चाक जाणं. ह्यातलं काही झालं की पुढची सुरक्षित जागा. 4 सेकंदाची डुलकी म्हणजे 80 च्या वेगात जवळपास 90 मीटर गाडी कोणी चालवतच नाहीये. थांबून आधी कॉफी पी, मग लगेच 15-20 मिनिटं झोप. उलट वाटेल, पण कॉफीचा असर यायला साधारण 20-30 मिनिटं लागतात, तोपर्यंत तुझी झोप पण झाली. 20 मिनिटांच्या पुढे गेलास तर गाढ झोप लागते आणि उठल्यावर डोकं जड, मग लगेच स्टेअरिंगवर बसू नकोस, खाली उतर, गाडीला चक्कर मार, टायर बघ, चेहऱ्यावर पाणी मार, मग बस.

युरोपात साडेचार तास चालवलं की 45 मिनिटं थांबायचं हा कायदाच आहे. अमेरिकेत आधी सलग 10 तास सुट्टी झाल्याशिवाय ड्युटी सुरू होत नाही आणि मग 11 तासांच्या वर चालवता येत नाही. तुझ्या इथे जो नियम असेल तो पाळ, आणि नियमात बसत असूनही डोळे मिटत असतील तर डोळ्यांचं ऐक.

मालक म्हणेल थांबू नको. त्याला थांबल्यावर फोन करून सांग, इथे थांबलोय, अमुक वाजता निघतो, अमुक वाजता पोचतो. बहुतेक मालकांना उशिराचा राग कमी असतो, न कळवल्याचा जास्त.

दादा, माझे मिस्टर नुकतेच ट्रकवर लागलेत. घरी येतात तेव्हा चिडचिड, बोलत नाहीत, नुसते झोपतात. फोन केला तर अर्ध्यात कट करतात. माझंच काही चुकतंय का?

वहिनी, तुमचं काही चुकत नाही, आणि बहुतेक त्यांचंही नाही. पहिले काही महिने दिवसभर डोकं ताणलेलं असतं, आरसे, गिअर, अंतर, मागचा लोड, सगळं मुद्दाम लक्ष देऊन करावं लागतं, अजून हात आपोआप चालत नाहीत. घरी आलं की तो ताण एकदम सुटतो आणि माणूस दगडासारखा पडतो. आल्या आल्या हिशोब, शाळेची फी, शेजाऱ्याचं भांडण असं काही काढू नका, आधी झोपू द्या, उठल्यावर काढा. पण काढा मात्र, दाबून ठेवू नका, नाहीतर ते घरात पाहुणे होऊन जातील.

फोनचं तर अर्ध्यात कट करतात हे उत्तम करतात! चालत्या गाडीत बोलायचंच नाही, हेडफोन लावून पण नाही, कारण हात मोकळे असले तरी लक्ष तुमच्या बोलण्यात असतं. एक वेळ ठरवा, ते थांबले की तेच फोन करतील. मधल्या वेळात मेसेज टाकून ठेवा, फार तातडीचं नसेल तर. आणि घरचं टेन्शनचं बोलणं निघायच्या अर्धा तास आधी नको, ते डोक्यात घेऊनच माणूस गाडी काढतो.

दोन-तीन महिन्यांनंतर पण चिडचिड तशीच राहिली, जेवण कमी झालं, घरी असताना पण झोप लागत नाही, असं असेल तर डॉक्टरांना दाखवा. घोरणं खूप जास्त असेल आणि दिवसा पण सारखी पेंग येत असेल तर ते आवर्जून सांगा, झोपेत श्वास अडकण्याचा आजार असतो, ड्रायव्हर लोकांत बराच आढळतो आणि त्यावर उपचार आहेत.

मी मुलगी आहे, उंची पण कमी आहे. ट्रक चालवायला ताकद लागते असं सगळे म्हणतात. जमेल का?

जमेल. पॉवर स्टेअरिंग आल्यापासून ताकदीचा प्रश्न जवळपास संपलाय, नजर आणि धीर लागतो. सीट पुढे-वर करून क्लच पूर्ण दाबला तरी गुडघा थोडा वाकलेला राहील असं बस, आरसे मग लाव, आधी नाही. चढता-उतरताना दोन हात एक पाय किंवा दोन पाय एक हात कायम टेकलेला हवा, तोंड गाडीकडे करून उतर आणि उडी मारू नकोस. रोजच्या उड्यांनी घोटे-गुडघे जातात, पुरुषांचेही जातात, ते फक्त सांगत नाहीत. ताडपत्री आणि लोड बांधताना मदत मागायला लाजू नकोस पोरी, पुरुष पण मागतात.

गेटमधून वळताना मागचं चाक खांबाला घासलं. मडगार्ड वाकलं. मालक सगळ्यांसमोर ओरडला. तेव्हापासून प्रत्येक वळणावर तेच आठवतं.

चार जणांसमोर ओरडणं मला पटत नाही, पण त्याचं नुकसान झालंय हे पण खरं. तू लपवलं नाहीस हे चांगलं केलंस. पुढे कधी झालं तर आधी थांब, कोणाला लागलं नाही ना बघ, फोटो काढ, स्वतः फोन कर. त्याला दुसऱ्याकडून कळलं की तुझ्यावरचा भरवसा जातो, आणि भरवसा मडगार्डपेक्षा महाग.

आठवणीचं म्हणशील तर ती जायची वाट बघू नकोस, तिचं उत्तर शोध. घासलं का? कारण मागची चाकं पुढच्या चाकांच्या रस्त्याने जात नाहीत, आतून काप मारतात. गाडी जितकी लांब तितका काप मोठा. म्हणून वळण उशिरा घ्यायचं, गाडीचं नाक सरळ पुढे जाऊ दे, मग फिरव, आणि आतल्या बाजूच्या आरशात मागचं चाक सतत दिसलं पाहिजे. बाहेरच्या बाजूला मागच्या चाकांच्याही मागे राहणारा लोंबता भाग उलट दिशेला झुलतो, तो पण विसरू नकोस, बाजूला उभी असलेली कार त्यानेच घासली जाते. पुढच्या वेळी त्याच गेटला जाशील तेव्हा आधी उतरून बघ चाक कुठून गेलं होतं, खांबावर खूण असेल. तिथून हातभर बाहेर नजर ठेवून गाडी घाल. दोनदा नीट गेली की ओरडणं आपोआप मागे पडतं.

रोज गाडी काढायच्या आधी नेमकं काय बघायचं? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

जे बघशील ते रोज त्याच क्रमाने बघ, म्हणजे सुटत नाही. मी कॅबच्या दारापासून सुरू करतो आणि एकाच दिशेने पूर्ण चक्कर मारून परत दारापाशी येतो. गाडीखाली तेल-पाण्याचा ताजा डाग. टायरला हात लावून चीर, फुगा, आणि जोडचाकाच्या मध्ये दगड अडकलाय का. चाकाच्या नटापासून गंजाची लाल रेघ बाहेर ओघळलेली दिसली तर नट ढिला असू शकतो, ते साध्या नजरेला दिसतं पण लोक बघतच नाहीत. लाइट, इंडिकेटर, मागचे रिफ्लेक्टर पुसलेले. मग आत बसून ब्रेकची हवा पूर्ण बनू दे, इंजिन बंद कर, ब्रेक एक मिनिट दाबून धर आणि काटा बघ. काटा सरकत राहिला किंवा फुस्स आवाज आला तर गाडी काढायची नाही. शेवटी जागेवरून दोन हात पुढे घेऊन ब्रेक मारून बघ.

लोडचे पट्टे बांधताना घट्ट असतात, पण गाडी हलली की माल बसतो आणि पट्टे ढिले होतात. म्हणून पहिल्या 80 किलोमीटरच्या आत एकदा थांबून परत ओढायचे, त्यानंतर प्रत्येक थांब्यावर हात लावून बघायचे. पाऊस पडून गेला असेल तर दोर आधी बघ.

पुढच्या अंकासाठी टायरबद्दलची तीन पत्रं बाजूला काढून ठेवलीयेत, त्यांची उत्तरं तेव्हा.